होडीचं इंजिन शेलूबाजारच्या रस्त्यावर

मु. तांडा, शेलूबाजारपासून दोन कोस
तालुका मंगरूळपीर, जिल्हा अकोला
ता. ४ एप्रिल १९५४

माह्या जिवाच्या दोस्ताले, सैफुद्दीन मिस्त्रीले, मुंबईच्या गोदीत, हेमसिंग आडे मोटारवाल्याचा तांड्यावरून रामराम, अन् तुह्या रिवाजाचा सलाम त्याच्याच जोडीले. इकडे माणसं खुशाल, बैल खुशाल, म्हैस परवाच व्याली, अन् गाडी या समद्यांपेक्षा जास्त खुशाल हाय, तिचं पुढं येतेच. तुह्या गुडघ्याचं दुखणं कमी झालं काय? मुंबईची हवा ओली असते म्हणतात. त्या हवेनं लोखंडाले जंग चढते, मंग माणसाच्या सांध्याले ती काय सोडणार? तुही आई, आमची सुलतानबी चाची, शेलूबाजारात एकदम ठणठणीत हाय. मागच्या बाजाराच्या दिवशी तिनं मले भर गर्दीत उभं करून इचारलं का सैफूचं पत्र काहून आलं नाई, जशी टपाल खात्याची किल्ली माह्याच खिशात हाय. तिले चार ओळी टाक. (मलेही टाक, पण आधी तिले.)

पत्राले उशीर झाला त्याचं कारण असं का दोन महिने माह्ये हात काळे होते, अन् काळ्या हातानं कागदाले शिवलं का आमच्या घरची जमनाबाई म्हणते, हे पत्र हाय का चूल पुसायचं फडकं. आता हात धुतले. काम झालं. कोणतं काम, ते तुले ठाऊक हाय, पण कसं झालं ते तुले काय, या जिल्ह्यात कोणालेच नीट ठाऊक नाई, म्हणून मी ते पहिल्यापासून लिहून राह्यलो. पत्र लांब होईल. चहा पिऊन बस.

आपली चौतीस सालची मालाची गाडी तू पाह्यली तवा ती पळत होती. दिवाळीच्या पुढं मालेगावच्या चढावर तिचं जुनं इंजिन तडकलं. आवाज असा झाला का मी पहिले खाली उतरून आभाळाकडे पाह्यलं. तू अन् मी आसामात लढाईच्या टायमाले चार वर्षं मिल्ट्रीच्या लाऱ्या हाकल्या, दुरुस्त केल्या, चिखलातून उपसल्या, म्हणून मले पाह्यल्याबरोबर समजलं का हिचं काळीजच फाटलं, आता टाका घालून भागत नाई. बैलांनी ओढत तांड्यावर आणली अन् निंबाखाली उभी केली. आमच्या बाबूसिंग नायकानं (तांड्याचा कारभारी तो, त्यामुळं प्रत्येक गोष्टीत त्याचं मत असतेच) गाडीभोवती एक चक्कर मारली अन् मले सांगतलं, "हेमसिंग, टायर काढून ठेव, बाकीच्याचं कोंबड्याले खुराडं कर. जागा मोठी हाय." पण मी त्या रातीच तुले कार्ड लिहिलं का कोणतंही चालेल, पण एक इंजिन पाह्य.

तू पाह्यलं. त्याबद्दल तुले किती दुवा देऊ? तू लिहिलं होतं, "लढाईच्या निलामातलं, सहा सिलिंडरचं, कमी चाललेलं, आवाज एकदम गोड." यातलं एकही अक्षर खोटं नाई हे मी आज शपथेवर सांगतो. फक्त ते कशावर चाललेलं, तेवढं तुह्याकडून लिहायचं राहून गेलं.

ते मले जऊळक्याच्या ठेसनावर समजलं. माल सोडवायले गेलो तर मास्तर खोक्याजवळ उभा. इंजिनावर पितळेची पट्टी होती, ती त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसून वाचली अन् मले इचारलं, "आडे, तुमच्याकडे समुद्र कोठी हाय?" मी म्हटलं, "काहून?" तो म्हणे, "हे होडीचं इंजिन हाय. फौजेच्या मोठ्या होडीचं. तसं लिहिलंच हाय इथं." मी म्हटलं, "साहेब, अडाण नदी हाय ना." तो म्हणे, "तिच्यातून तर आता बकऱ्या पायी जाऊन राह्यल्या." आता तूच सांग, मागं पाठवावं तर मुंबई किती लांब! मी मास्तरले सांगतलं का इंजिनाले काय ठाऊक आपल्याखाली पाणी हाय का फुफाटा, त्याले फक्त फिरायचं. (हे बोलणं मी त्याले तोऱ्यात सांगतलं, पण बैलगाडीत बसून दोन दिवस तांड्याकडे येताना मी त्या खोक्याकडे मागं वळून वळून पाहात होतो.)

मंगरुळात जमशेद मिस्त्री लोहार हाय, तुले आठवत असंल, चष्म्याच्या दांडीच्या जागी सुतळी बांधते तो. त्याले सामानासकट तांड्यावर आणून बसवला. आता पहिली अडचण अशी का इतलं जड धूड उचलायचं कशानं? साखळीची कप्पी नाई, काही नाई. मंग आमी निंबाच्या जाड फांदीले इहिरीच्या मोटेचं चाक टांगलं, मोटेचाच नाडा ओवला, अन् बाबूसिंग नायकाचे बैल जुंपले. बैल उतारावर चालत गेले का इंजिन आपोआप वर. बैलाले वाटलं का पाणीच काढून राह्यलो, त्याची काही तक्रार नव्हती. नायक मात्र धुऱ्यावर बसून प्रत्येक पावलाले "माह्ये बैल, माह्ये बैल" करत होता.

इंजिन वर आलं तवा दिसलं का ते गाडीच्या तोंडापेक्षा एक हात लांब हाय. मंग अर्धा हात मागं घेतलं, तिथला पत्रा कापला, अन् अर्धा हात पाण्याची टाकी पुढं सरकवली. त्यानं गाडीचं थोबाड जरा पुढं आलं, माह्या मामेसासऱ्यासारखं दिसते, पण रुबाब वाढला. दुसरी अडचण जोडाची. इंजिनाची पाठ अन् गेअरच्या डब्याचं तोंड, दोघाची भोकं एकमेकाशी बोलायलेच तयार नाई. मधात एक जाड लोखंडी चकती पाह्यजे, तिले दोघाकडची भोकं बरोबर जागेवर. चकती जमशेदनं जुन्या जिनिंगच्या बायलरच्या पत्र्यातून काढली, पण भोकाचं माप घेता घेता आमी दोघं तीन दिवस भांडलो. चौथ्या दिवशी जमनाबाई चुलीपुढून उठून आली, हातात कुंकवाचा करंडा. इंजिनाच्या पाठीले तिनं ओलं कुंकू लावलं, चकती वर दाबली, अन् उचलली तर भोक न् भोक लाल रंगात उमटलेलं. जमशेदनं सुतळीचा चष्मा वर केला अन् म्हटलं, "भाभी, ये तो हम शाम को करनेवाले थे." मीही तसंच म्हटलं.

अजून एक सांगतो. या इंजिनाची खोड अशी का समुद्राचं पाणी आत ओढायचं, आंग थंड करायचं, अन् ते पाणी बाहेर फेकून द्यायचं. इतली उधळपट्टी आमच्याकडे कोण चालू देईल? फाल्गुनात आमाले आंघोळीले पाणी नसते. ते समदं बंद करून तेच पाणी टाकीतून फिरत राहील असं केलं. आता लाखाची गोष्ट. हातानं फिरवून चालू करायचं हँडल लावायले गेलो तर ते पकडेचना, सटकून जाय. जमशेदनं पाह्यलं, म्हणे याचे दात उलट्या अंगानं कापलेत, कारखान्यात कोणीतरी झोपेत काम केलेलं दिसते. त्यानं हँडलचे दात घासून उलटे केले, हँडल बसलं, मी त्याची पाठ थोपटली. पंखा चालू केला तर वारा आत यायच्या जागी बाहेर, जमशेदच्या तोंडावर. आमी पंखा काढला अन् पालथा बसवला, अन् कारखान्याले पुन्हा शिव्या दिल्या. सैफू, तू आत्ता हसत असशील. हास. आमाले तवा एकदाही वाटलं नाई का कारखाना शहाणा अन् आमी झोपेत हाओत.

चाचणीचा दिवस. अख्खा तांडा निंबाखाली. बायांनी नवे घागरे घातलेले, नायकानं नारळ फोडला. मी हँडल मारलं अन् इंजिन पहिल्या झटक्याले बोललं. आवाज काय सांगू तुले, तू गोड म्हटलं होतं, पण गोड हा शब्द अपुरा हाय, खोल आवाज, जसा कोणी भरल्या पोटानं हुंकार देते. मी वर चढलो, छाती फुगवली, पहिला गेअर टाकला, क्लच सोडला, अन् गाडी मागं गेली. सरळ नायकाच्या कडब्याच्या गंजीत. मले वाटलं, हात चुकला. गेअर पाह्यला, पहिलाच. पुन्हा टाकला, पुन्हा मागं. दुसरा टाकला, आणखी जोरात मागं. तिसऱ्याले तर गंजीतून आरपार निघून पलीकडच्या वावरात. शेवटी उलटा गेअर टाकला, तवा ती पुढं चालली, पण कशी? नवी नवरी पहिल्यांदा उंबऱ्यात पाय टाकते तशी.

जमशेद खाली बसला. बराच वेळ इंजिनाचं चाक फिरताना पाहात राह्यला. मंग हळूच म्हणे, "हेमसिंगभाई, इसका तो फेरा ही उलटा है." समदी इंजिनं ज्या बाजूनं फिरतात त्याच्या उलट्या बाजूनं हे फिरते. होडीले काय, पाण्यातल्या पंख्याची पाती बदलली का काम झालं. पण गाडीत त्याचा अर्थ असा का मागं जायले चांगले तीन गेअर अन् पुढं जायले एक, तो बी रांगणारा. मी काही बोलायच्या आत नायकानं कडबा झटकत समद्या तांड्याले ऐकू जाईल असं म्हटलं, "लढाईतलं इंजिन म्हणते, अन् हे तर मागंच पळून राह्यलं!"

सैफू, ते वाक्य महिनाभर तांड्यावर, शेलूबाजारात, मंगरुळात फिरलं. मी चक्कीवर गेलो का कोणी तरी दोन पावलं मागं सरकून मले रस्ता दे. चाचीनं निरोप पाठवला का माह्या पोरानं पाठवलेलं यंत्र खराब निघूच शकत नाई, तूच ते उलटं घातलं असशील. मी खाटेवर पडून राहाय. एकदा तर मनात आलं का खुराड्याचा इचार काही वाईट नव्हता. हे मी तुलेच सांगून राह्यलो, बाकी कोणाले नाई.

अन् मंग होळीच्या आठ दिवस आधी ती दुपार आली. तांड्यातल्या नऊ बैलगाड्या मानोऱ्याकडे लगनाले गेल्या होत्या. नायकाचा पाय मुरगळलेला म्हणून तो घरी. बारा घरचा कापूस, शेवटच्या वेच्याचा, नायकाच्या उघड्या खळ्यात रचून ठेवलेला. गाड्या आल्या का शेलूबाजारात व्यापाऱ्याच्या टिनाच्या शेडात न्यायचा, असं ठरलेलं. जेवून उठलो अन् पाह्यलं तर अडाणच्या आंगानं आभाळ भरून आलेलं. काळं असतं तर ठीक, पण मधात हिरवट होतं. ते हिरवं म्हणजे गारा, हे आपल्याकडे लेकराले बी ठाऊक हाय. बारा घरच्या बाया खळ्यात धावल्या, गोधड्या टाकायले लागल्या. डोंगराएवढ्या कापसावर पाच-पंचवीस गोधड्या, त्यानं काय होते? वर्षभर राबून पिकवलेलं, अन् ते आता डोळ्यापुढं चिखल होणार.

नायक लंगडत माह्या दारी आला. पहिल्यांदाच त्यानं आवाज खाली ठेवला. "हेमसिंग, तुही गाडी चालते काय?"

"चालते. पण कोणीकडे, ते तुमाले ठाऊकच हाय."

"मले कोणीकडे का असेना, शेलूबाजारात पोचली पाह्यजे."

पुढच्या गेअरनं गेलो असतो तर पहिलीच खेप दिवस मावळता पोचली असती. मी जमनाबाईकडे पाह्यलं. तिनं ओढणी कमरेले खोचली अन् म्हटलं, "मंग मागंच हाका ना. रस्त्याले काय समजते गाडीचं तोंड कोणतं?" झालं. तांड्यानं तासाभरात कापूस भरला, म्हातारे-कोतारे समदे लागले, अन् जमनाबाई ढिगाच्या शेवटच्या टोकावर, म्हणजे आता जे गाडीचं नाक झालं तिथं, जाऊन बसली. मले मागचं काहीच दिसत नव्हतं, नुसता पांढरा डोंगर. मी दार उघडं ठेवून अर्धा बाहेर लटकलो, तर तिचा एक हात तेवढा दिसे, कोपरापासून खांद्यापर्यंत बलियांच्या बांगड्यांनी भरलेला. तो हात जिकडे, तिकडे गाडी, असं आमचं ठरलं.

पहिल्या फर्लांगातच बाभळीले धडकलो. तिचा डावा तो माहा बी डावा, पण मागं जाताना स्टिअरिंग कोणत्या डाव्याले फिरवायचं यात माह्या डोक्शाचा गुंता झाला. ती वरून ओरडली, "डावं-उजवं सोडा! मी गावाचं नाव घेतो, तुमी तिकडे वळा!" (ती रागात आली का घेतो-देतो म्हणते, मी टोकत नाई.) आमच्या रस्त्याच्या एका अंगाले मालेगाव पडते, दुसऱ्या अंगाले मानोरा. तवापासून ती "मालेगाव!" ओरडली का मी मालेगावकडे, "मानोरा!" ओरडली का मानोऱ्याकडे. तिसरा गेअर टाकला, सैफू. त्या इंजिनाची ताकद मले तवा समजली. बारा घरच्या कापसाचा तिसरा हिस्सा भरलेला, चढाचा रस्ता, अन् ते असं ओढत होतं जसं माह्या चौतीसच्या गाडीमागं अख्खा समुद्र ढकलून राह्यला. माह्या मानेले कळ लागली, डोळ्यात धूळ, पण मी मोठ्यानं हसत होतो. काहून ते मलेही नाई सांगता येत.

मोठ्या सडकेवर समोरून एक प्रवासी मोटार आली. तिच्या डायव्हरले माह्या गाडीची पाठ दिसली. त्याले वाटलं आपण या लारीच्या मागं चाललो, म्हणून त्यानं भोंगा वाजवून पुढं जायले रस्ता मागतला. मी बी रस्ता दिला. मंग त्याच्या ध्यानात आलं का ही पाठ आपल्या अंगावर येऊन राह्यली, तवा त्यानं मोटार सडकेच्या खाली उतरवली अन् प्रवाशांसकट उभा राहून आमाले जाताना पाहात राह्यला. वरून जमनाबाईनं त्याले हात जोडून रामराम केला. शेलूबाजारात तर दुकानं सोडून लोकं बाहेर आली. व्यापारी म्हणे, "हेमसिंग, शेडात माल उतरवायले गाडी उलटी लावा लागते, तू तर घरूनच उलटी लावून आला."

तीन खेपा केल्या. तिसरीचा शेवटचा गठ्ठा शेडात पडला अन् टिनावर गारा वाजायले लागल्या, सुपारीएवढ्या, मंग लिंबाएवढ्या. आमी दोघं शेडात कापसावर बसलो. आवाज इतका का बोलणं ऐकू येत नव्हतं. जमनाबाईचा गळा पार बसला होता. तिनं बलिया सावरल्या, माह्या मानेवर हात ठेवला अन् चोळत बसली, इतलंच. तांड्यावर परत आलो तर खळ्यात गारांचा थर, गुडघ्याखाली अर्ध्या नळीपर्यंत. नायक त्या गारांत काठी टेकून उभा होता. म्हणे, "हेमसिंग, आता ही गाडी जलमभर पुढं नाई गेली तरी चालन." मी तुले सांगतो, आसामात आपल्या सुभेदारानं बिल्ला दिला होता तवा मले असं वाटलं नव्हतं.

पण माह्या मनाले ते पटेना. मागं पळून बारा घरं वाचवली खरं, पण गाडी म्हटलं का तिनं तोंडाकडे चालावं. मी दोन दिवस गाडीखाली उताणा पडून इचार केला. मागच्या ॲक्सलच्या मधात जो लोखंडी गोळा असते, त्याच्या आत मोठं दातेरी चाक हाय, अन् ते एका बाजूले बसलेलं असते, हे तुले सांगायले नोको. ते चाक दुसऱ्या बाजूले गेलं का फेरा बदलते. चाक आतल्या आत काही सरकत नाई, तशी जागाच नाई. पण अख्खा ॲक्सलच पालथा घातला तर? पोट वर, पाठ खाली, डाव्या चाकाची जागा उजवीकडे? तिसऱ्या दिवशी मले हे सुचलं अन् मी गाडीखालून असा उठलो का डोकं आपटलं. जमशेदले बोलावलं. तो पहिले नाई म्हणे, मंग हो म्हणे, मंग रडायले आला, कारण ब्रेकच्या सळया समद्या उलट्या करा लागल्या, कमानीच्या बैठका नव्यानं ठोका लागल्या. अकरा दिवस लागले. होळी आमी गाडीखालीच खेळलो.

धुळवडीनंतर चौथ्या दिवशी पुन्हा निंबाखाली तांडा जमला. यावेळी नायकानं गंजी आधीच हलवली होती. मी पहिला गेअर टाकला, डोळे मिटले, क्लच सोडला. कोणी ओरडलं नाई. डोळे उघडले तर निंब मागं गेलेला, अन् गाडी पुढं चालली होती, सैफू, पुढं, आपल्या पायानं, सरळ. दुसरा टाकला, पुढं. तिसरा टाकला, वाऱ्यासारखी पुढं. तांड्याच्या बाया नाचत गाडीमागं धावल्या. बाबूसिंग नायक मुरगळल्या पायानं धावला. जमशेद तिथंच निंबाखाली बसून सुतळीच्या चष्म्याच्या काचा पुसत राह्यला, काचा स्वच्छच होत्या.

मी गाडी थेट तुह्या घरापुढं नेली. चाचीले म्हटलं, चाल, तुह्या पोराच्या इंजिनावर बस. ती नवा बुरखा घालून पुढच्या बाकावर बसली, जमनाबाई तिच्या बाजूले. शेलूबाजारातून सडकेनं दोन मैल जाऊन परत आलो. उतरताना चाचीनं इंजिनावरच्या पत्र्यावर हात ठेवला, गरम होता तरी काढला नाई, अन् म्हणे, "सैफूच्या छातीवर लहानपणी हात ठेवला का असंच वाजे." मी तुले जसंच्या तसं लिहून राह्यलो. तिले पत्र टाक.

आता या अंगाले चौतीसच्या गाडीत सहा सिलिंडरचं समुद्राचं इंजिन घालून ती पुढं चालवणारा माणूस एकच हाय, अन् तो तुह्या ओळखीचा हाय, हे मुंबईत चार लोकाले सांगायले काही हरकत नाई. जमशेदचा सलाम, जमनाबाईचा रामराम, नायकाचा आशीर्वाद. गुडघ्याले तिळाचं तेल लाव. कळावं, लोभ हाय तो असाच वाढत जाऊ दे.

तुहा मोटारवाला दोस्त,
हेमसिंग आडे

ता. क. एक – ॲक्सल पालथा झाल्यानं तेल भरायचं भोक आता खाली गेलं अन् तेल काढायचं वर आलं. त्यामुळं तेल भरायचं असलं का काढायच्या जागेतून भरतो. काही अडचण नाई. थोडं गळते. फार नाई, गाडी कोठी उभी होती ते समजते इतलंच.

ता. क. दोन – हे पत्र मी जमनाबाईले वाचून दाखवलं. समदं ऐकून घेतलं अन् ती म्हणे, "गाडीखाली दोन दिवस कोणाले काय सुचलं?" म्हणून दुरुस्ती लिहितो. मी दोन दिवस उताणा पडलो होतो ते खरं हाय, पण त्यातला बराच वेळ झोपलो होतो. तिसऱ्या दिवशी ती मले जेवायले उठवायले आली, खाली वाकून त्या गोळ्याकडे पाह्यलं अन् म्हणे, "हे समदंच पालथं काहून नाई घालत?" मी तिले म्हटलं, तुले यातलं काय समजते. मंग उठताना डोकं आपटलं. तेवढं मी बरोबर लिहिलं होतं.

ता. क. तीन – आता जे खरं काम हाय ते लिहितो. गाडी उलटी चाले तवा लोकं घास सोडून पाहायले येत. मंगरुळावरून, मालेगावावरून माणसं येऊन निंबाखाली बसत. आता गाडी सरळ चालते, तर कोणी मान वर करून बी पाहात नाई. परवा एक परका माणूस गाडीत बसला, तीन कोस गेला, उतरला अन् म्हणे, "चांगली गाडी हाय." बस, इतलंच! जशी साधी लारी! हे मले सहन होत नाई. तरी तू एक कर. तुह्या गोदीत कोणी मोठा इंजिनेर साहेब असंलच. त्याले समदी हकीगत सांग अन् त्याच्याकडून इंग्रजीत, सही अन् गोल शिक्क्यासकट लिहून घे का होडीचं इंजिन चौतीस सालच्या गाडीत बसू शकत नाई, बसलं तरी चालू शकत नाई, अन् चाललं तरी पुढं जाऊ शकत नाई. मी तो कागद काचेत मढवून गाडीच्या कपाळावर लावतो. खाली जमनाबाईचं नाव, तिच्या खाली माह्यं, कोपऱ्यात जमशेदचं. अक्षर मोठं असू दे, दुरून वाचता आलं पाह्यजे. अन् तो साहेब जर म्हणाला का होऊ शकते, तर त्याच्याशी वाद घालू नोको. त्याले सलाम कर अन् दुसऱ्या साहेबाकडे जाय.